बंगाल मांजर

बंगाल मांजर ही पाळीव मांजर आणि आशियातील रानटी बिबटमांजर (लेपर्ड कॅट) यांच्या संकरातून अमेरिकेत तयार झालेली जात आहे. प्रायोनेल्युरस बेंगालेन्सिस या रानटी पूर्वजाच्या शास्त्रीय नावावरूनच जातीचे नाव पडले.

जात उभी करण्याचे श्रेय कॅलिफोर्नियातील जीन मिल यांना जाते. त्यांनी असा पहिला संकर १९६३ मध्ये केला, पण पद्धतशीर काम १९८० च्या सुमारास सुरू झाले. संशोधक विलार्ड सेंटरवॉल हे मांजरांना होणाऱ्या ल्युकेमियाविरुद्ध बिबटमांजराच्या अंगी प्रतिकारशक्ती आहे का, हे तपासत होते. त्या कामातून जन्मलेल्या संकरित मांजरी मिल यांच्याकडे आल्या. पुढचा दुवा थेट भारताशी जोडलेला आहे. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या आवारात वावरणारा, ठसठशीत ठिपक्यांचा तांबूस बोका मिल यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत नेला, आणि जातीच्या केसांवरील सोनेरी झळाळी बहुतांशी त्याच्याकडून आली असे मानले जाते. परदेशी म्हणून मिरवणाऱ्या या मांजरीत आपल्याकडच्या भटक्या बोक्याचेही रक्त आहे, ही गोष्ट तिच्या वर्णनात सहसा सुटते आणि ती सुटू नये. पहिल्या काही पिढ्यांतील नर बहुधा वंध्य असतात, त्यामुळे वंश माद्यांकडून पुढे जातो. घरात पाळण्याजोगी मांजर साधारणपणे रानटी पूर्वजापासून मोजता चौथ्या पिढीपासूनची धरतात. मांजरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ‘टिका’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९१ मध्ये जातीला स्पर्धेत पूर्ण दर्जा दिला, तर अशाच ‘सीएफए’ या संघटनेने तिला २०१६ मध्ये स्वीकारले.

अंग लांबट व पीळदार असते, मागचे पाय पुढच्यांपेक्षा किंचित उंच, कान लहान व टोकांशी गोलसर, शेपूट जाड आणि टोकाला काळी. अंगावरील खुणा एक तर आडव्या पसरलेल्या ठिपक्यांच्या असतात किंवा संगमरवरासारख्या वळणदार. ठिपक्यांपैकी रोझेट, म्हणजे गडद कडेच्या आत फिकट रंग असलेला ठिपका, पाळीव मांजरांत या जातीची खास ओळख आहे. पोटावरही ठिपके असावे लागतात. तपकिरी रंग सर्वांत परिचित. चंदेरी आणि ‘स्नो’ (बर्फासारखा फिकट) हे इतर मान्य रंग. पिल्लू साधारण महिन्याचे झाले की त्याच्या अंगावर लांब, करडे, धुरकट केस उगवतात, नक्षी पुसट होते आणि ती पुढे काही आठवड्यांनी पुन्हा उठून दिसते. या अवस्थेतल्या पिल्लाला पाहून फसवणूक झाल्याची शंका घेणे चुकीचे ठरते.

स्वभाव हाच या जातीचा खरा कस आहे. ही मांजर माणसाच्या मागे मागे फिरते, मोठ्याने बोलते, दाराची कडी आणि नळ उघडायला शिकते, आणि मांडीवर तासन्‌तास निजण्यापेक्षा कपाटाच्या माथ्यावरून घर न्याहाळणे पसंत करते. पाण्याचे तिला आकर्षण असते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि घरोघरी कूलर चालतात, तेव्हा ती टाकीत पंजा बुडवून पाणी उडवण्यात दंग होते. म्हणून टाकीचे झाकण आणि पंप व पंख्याची वायर नीट झाकलेली असावी. दुपारभर बंद असलेल्या फ्लॅटमध्ये तिला एकटी ठेवणे योग्य नाही. कंटाळली की ती पडदे, सोफा यांवर राग काढते किंवा भलत्याच ठिकाणी लघवी करू लागते. रोज दोनदा दमवणारा खेळ, चढायला उंच फळ्या आणि बाल्कनीला जाळी एवढी तजवीज किमान हवी. ज्यांना शांत सोबत हवी आहे, त्यांनी साधी देशी मांजर पाळावी.

जातीत लाल रक्तपेशी कमी करणारा पायरुव्हेट कायनेज या एन्झाइमचा दोष आणि दृष्टिपटलाचा ऱ्हास हे आनुवंशिक विकार आढळतात. दोन्हींसाठी जनुकीय चाचणी करता येते. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या विकारासाठी मात्र सोनोग्राफी लागते. पिल्लू घेण्यापूर्वी आईबापांचे अहवाल मागावेत.

विदर्भातील शेतांत व झुडपांत सापडणारी वाघाटीची (रस्टी-स्पॉटेड कॅट) ठिपकेदार पिल्ले बंगाल मांजरीची नव्हेत. वाघाटी आणि बिबटमांजर दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, त्यांना घरी आणणे गुन्हा आहे. असे पिल्लू दिसल्यास त्याला हात न लावता वन विभागाला कळवावे. नागपुरात जखमी वन्यप्राण्यांवर सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये उपचार होतात.