अमॉर्फस कोर हाताळण्यापूर्वी: ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ट्रान्सफॉर्मरचा अमॉर्फस कोर (मधला चुंबकीय गाभा) ज्या धातूच्या पट्टीने गुंडाळतात ती पोलादाला भारी पडेल इतकी कठीण, मग कोर एवढा नाजूक कसा, असे आमचे ग्राहक वारंवार विचारतात. याचे उत्तर पट्टी कशी तयार होते त्यात आहे.

लोखंड, बोरॉन आणि सिलिकॉन यांचा वितळलेला रस वेगाने फिरणाऱ्या तांब्याच्या थंड चाकावर सोडला की तो सेकंदाला सुमारे १० लाख अंश या गतीने निवतो, आणि अणूंना स्फटिकात रचून बसायला सवडच मिळत नाही. या अस्फटिकी (अमॉर्फस) धातूलाच धातु-काच (मेटॅलिक ग्लास) म्हणतात. १९६० साली अमेरिकेतील कॅल्टेक संस्थेत पोल ड्युवेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सोने-सिलिकॉनमध्ये प्रथम मिळवला. उष्णता इतक्या लवकर बाहेर पडायची तर पट्टी पातळच असावी लागते, म्हणून तिची जाडी जेमतेम ०.०२५ मिलिमीटर, म्हणजे सीआरजीओ पत्र्याच्या (नेहमीच्या कोरसाठी वापरतात त्या सिलिकॉन-पोलादाच्या पत्र्याच्या) साधारण दहाव्या हिश्श्याची असते.

ताजी पट्टी दुमडून घडी घातली तरी सहसा तुटत नाही, कारण वाकताना ती अतिशय अरुंद थरांमध्ये आतल्या आत सरकते. तिची कठिणता मात्र व्हिकर्स मापाने ९०० च्या घरात असल्यामुळे कापण्याची पाती लवकर झिजतात. कोर गुंडाळून आकार दिल्यावर आतला ताण काढण्यासाठी त्याला चुंबकीय क्षेत्रात सुमारे ३५० अंश सेल्सिअसला अनीलिंग द्यावे लागते, म्हणजे भट्टीत तापवून मग थंड करावे लागते. त्याने चुंबकीय गुण सुधारतात, पण अणू अधिक दाटून बसतात, सरकायला जागा उरत नाही आणि तीच पट्टी पापडासारखी मोडू लागते. भट्टीचे तापमान फार वाढले तर स्फटिक तयार होतात आणि मूळ फायदाच हातचा जातो.

म्हणून अनीलिंग झालेल्या कोरवर क्लँपचा दाब सीआरजीओच्या सवयीने देऊ नये. दाबाने नो-लोड लॉस (ट्रान्सफॉर्मरवर भार नसतानाही कोरमध्ये वाया जाणारी वीज) वाढतो, आणि तो कमी राहावा म्हणूनच तर हा महागडा कोर घेतलेला असतो. वाइंडिंगचे (तारेच्या वेटोळ्यांचे) वजन कोरवर न टाकता चौकटीवर घ्यावे. वाइंडिंग बसवण्यासाठी सांधा उघडताना पट्ट्या गटागटाने, हळूच उलगडाव्यात (घाई केल्याने आमच्याकडेच सुरुवातीला दोन कोर वाया गेले होते) आणि तुटलेल्या कपच्या टाकीत तेल भरण्यापूर्वी वेचून काढाव्यात, कारण त्या तेलातून वाइंडिंगपर्यंत पोहोचल्यास इन्सुलेशनला धोका संभवतो.