आफ्रिकेची वाटणी

युरोपीय राष्ट्रांनी साधारणतः १८८० ते १९१४ या काळात आफ्रिका खंडाचा जवळजवळ सर्व भूभाग आपापसांत वाटून घेतला, त्या प्रक्रियेस ही संज्ञा लावतात. १८८० च्या सुमारास अल्जीरिया, दक्षिण आफ्रिकेतील केप व नाताळ या वसाहती, सेनेगलचा काही भाग, अंगोला व मोझँबीकमधील पोर्तुगीज ठाणी आणि पश्चिम किनाऱ्यावरील मोजकी बंदरे एवढाच मुलूख त्यांच्याकडे होता. १९१४ मध्ये इथिओपिया व लायबीरिया हे दोनच देश स्वतंत्र उरले.

आरंभ : वाटणी नेमकी कोठून सुरू झाली याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. रॉनल्ड रॉबिन्सन व जॉन गॅलाघर यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या मतानुसार ब्रिटनने १८८२ मध्ये इजिप्तवर बसवलेला अंमल हे तिचे मूळ होय. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला आणि हिंदुस्थानचा जवळचा मार्ग इजिप्तमधून जाऊ लागला. इजिप्तचा कर्जात बुडालेला खेदिव (शासक) इस्माईल याचे कालव्यातील भाग ब्रिटनने १८७५ मध्ये सुमारे ४० लाख पौंडांना घेतले. पुढे अरबी पाशा या इजिप्शियन लष्करी अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली उठाव झाला, तेव्हा जुलै १८८२ मध्ये अलेक्झांड्रियावर तोफा डागण्यात आल्या आणि १३ सप्टेंबरला तेल-अल-कबीर येथे इजिप्तच्या सैन्याचा पराभव झाला. या मोहिमेत हिंदी पलटणीही होत्या. इजिप्तमधून बाजूला सारल्या गेलेल्या फ्रान्सने पश्चिम आफ्रिकेत भरपाई शोधली आणि स्पर्धा पेटली, असे या मताचे सार आहे.

यावरील मुख्य आक्षेप कालक्रमाचा आहे. सेनेगलमधून वरच्या नायजर खोऱ्याकडे सरकण्याचे फ्रेंच धोरण १८७९–८० मध्येच आखले गेले होते. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या वतीने संशोधक प्रवासी स्टॅन्ली १८७९ पासून काँगो नदीवर ठाणी उभारत होता. फ्रान्सच्या वतीने द ब्राझा या प्रवाशाने काँगो नदीकाठच्या तेके लोकांचा राजा माकोको याच्याशी तह केला तो १० सप्टेंबर १८८० रोजी, म्हणजे तेल-अल-कबीरच्या दोन वर्षे आधी. मात्र फ्रेंच संसदेने या तहाला मान्यता दिली नोव्हेंबर १८८२ मध्ये, इजिप्त हातचे गेल्यानंतर. त्यामुळे एकच तह दोन्ही पक्षांना पुराव्यादाखल वापरता येतो. ए. जी. हॉपकिन्स यांनी किनाऱ्यावरील व्यापाराकडे लक्ष वेधले आहे. पाम तेलाचे भाव घसरल्यावर युरोपीय व्यापारी आणि आफ्रिकी दलाल यांच्यात तंटे वाढले आणि व्यापारी आपापल्या सरकारांकडे हस्तक्षेप मागू लागले. एकाच घटनेला आरंभबिंदू न मानता १८७९–८२ हा टप्पा धरणे अधिक सयुक्तिक दिसते. इजिप्तमुळे वाटणीला वेग आला एवढे निश्चित.

हेतू : दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाची बातमीदारी केलेल्या जे. ए. हॉब्सन यांनी १९०२ मध्ये असे प्रतिपादन केले, की मायदेशी फायदेशीर गुंतवणूक न सापडलेले भांडवल साम्राज्यविस्ताराला रेटा देते. लेनिनने १९१६ मध्ये हेच सूत्र मक्तेदारी भांडवलशाहीच्या सिद्धांतात गुंफले. प्रत्यक्षात ब्रिटिश भांडवलाचा मोठा ओघ अमेरिका, अर्जेंटिना, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व हिंदुस्थानकडे होता. उष्णकटिबंधीय आफ्रिकेच्या वाट्याला त्यातील अल्प भाग आला. इजिप्तचे कर्जरोखे आणि दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालमध्ये १८८६ मध्ये सापडलेले सोने यांना मात्र हॉब्सन यांचे विवेचन नीट लागू पडते. कारखान्यांना वंगण व साबणासाठी पाम तेल हवे होते, पुढे रबर हवे झाले. राष्ट्रीय प्रतिष्ठा, मिशनऱ्यांचा आग्रह व गुलामांच्या व्यापाराला विरोध हेही हेतू होते.

साधने : हिवतापावरील क्विनीन, वाफेच्या बोटी, मागून भरायच्या बंदुका व १८८४ ची मॅक्सिम तोफ (मशीनगन) यांमुळे विस्तार स्वस्त झाला. तो का झाला, याचे उत्तर या साधनांत नाही. १८५४ च्या नायजर मोहिमेत क्विनीनच्या नियमित सेवनामुळे तापाने एकही मृत्यू झाला नाही. १८९८ मध्ये ओम्दुर्मान येथे सुमारे दहा हजार सुदानी सैनिक पडले. समोरच्या ब्रिटिश-इजिप्शियन फौजेचे पन्नासहून कमी. उलट अडोवा येथे (१ मार्च १८९६) आधुनिक बंदुका मिळवलेल्या इथिओपियाचा सम्राट मेनेलिक याने इटलीचा पराभव केला. १८९० च्या ब्रसेल्स करारात आफ्रिकेतील शस्त्रविक्रीवर घातलेले निर्बंध या संदर्भात पाहावेत.

बंदुकीच्या जोडीला कागद होता. आजच्या झिंबाब्वेतील न्देबेले लोकांचा राजा लोबेंगुला याच्याकडून १८८८ मध्ये खाणींचा हक्क लिहून घेतला गेला. दहाहून अधिक गोरे खोदायला येणार नाहीत हे तोंडी आश्वासन कागदावर उतरलेच नाही. राजाने करार नाकारला, राणी व्हिक्टोरियाकडे वकील पाठवले. तरीही याच हक्काच्या आधारे १८८९ मध्ये ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीला राजसनद मिळाली आणि १८९३ च्या युद्धात त्याचे राज्य बुडाले. ईस्ट इंडिया कंपनीची सद्दी संपल्यावर सनदी कंपन्यांचे हे पुनरुज्जीवन खर्च टाळण्यासाठी होते. ‘संरक्षित राज्य’ (स्थानिक राजा गादीवर ठेवून त्याचे परराष्ट्रव्यवहार हाती घेणे) या व्यवस्थेचे तैनाती फौजेशी असलेले साम्य १८०२ चा वसईचा तह ठाऊक असणाऱ्यास सहज जाणवेल.

बर्लिन परिषद : (१५ नोव्हेंबर १८८४–२६ फेब्रुवारी १८८५). जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क याने बोलावलेल्या या परिषदेत चौदा राष्ट्रे होती, आफ्रिकी प्रतिनिधी एकही नव्हता. येथे नकाशावर खंड कापला गेला ही समजूत बरोबर नाही. हक्क सांगायचा तर प्रदेश प्रत्यक्ष ताब्यात हवा, ही परिषदेने घातलेली अट नव्या किनारी प्रदेशांपुरती होती. संरक्षित राज्यास इतर राष्ट्रांना दिलेली सूचना पुरे. सीमा पुढे द्विपक्षीय करारांनी ठरल्या, उदा., १८९० चा ब्रिटन-जर्मनी करार.

मुंबईचा संबंध : १८६८ ची अ‍ॅबिसिनिया (इथिओपिया) मोहीम मुंबई लष्कराचे सरसेनापती नेपिअर यांनी येथूनच नेली, मग्दाला घेऊन ती परतली, मुलूख खालसा झाला नाही. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव लागलेल्या मोंबासाजवळील फ्रिअरटाउन या वसाहतीत नाशिकच्या मिशनमध्ये शिकलेले मुक्त आफ्रिकी गुलाम वसवले गेले.

परिणाम : लिओपोल्डच्या काँगोत रबरासाठी झालेल्या अत्याचारांमुळे १९०८ मध्ये तो प्रदेश बेल्जियम सरकारकडे गेला. जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेत (आजचा नामिबिया) १९०४–०८ दरम्यान हेरेरो व नामा या जमातींचा संहार झाला. जुलै १९६४ मध्ये कैरो येथे आफ्रिकी एकता संघटनेने स्वातंत्र्यसमयीच्या सीमा मान्य केल्या. एरिट्रिया (१९९३) व दक्षिण सुदान (२०११) हे त्यानंतर निराळे झाले.