लोकलमधले दिवे क्षणभर का जातात?

गाडी चांगल्या वेगात असते. अचानक डब्यातले बहुतेक दिवे जातात, पंखे मंदावतात, मोटरचा आवाज थांबतो आणि उरतो तो नुसता चाकांचा खडखडाट. काही सेकंदांत सगळं पूर्ववत होतं. मुंबईत रोज लोकलने जाणाऱ्याला याची इतकी सवय असते की तो मोबाइलमधून मानही वर करत नाही. हा बिघाड नसतो. गाडी तेव्हा ओव्हरहेड वायरच्या वीज नसलेल्या तुकड्याखालून जात असते. त्याला न्यूट्रल सेक्शन म्हणतात.

मुंबईत विजेवरची पहिली गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावली, 1500 व्होल्टच्या डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. पुढे डबे वाढले, फेऱ्या वाढल्या. समजा, एका गाडीला 3000 किलोवॅट हवेत. 1500 व्होल्टवर त्यासाठी 2000 अँपिअर प्रवाह लागतो, 25,000 व्होल्टवर फक्त 120. तारेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणजे तार तीच असेल, तर नुकसान जवळजवळ पावणेतीनशे पटींनी घटतं! म्हणून इथे 25,000 व्होल्टची एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज, आणली गेली. पश्चिम रेल्वेवर हे काम 2012 मध्ये, तर हार्बर मार्गावर 2016 मध्ये पूर्ण झालं. रोजची लाखोंची ने-आण चालू ठेवून झालेला हा बदल मला मुंबईच्या अलीकडच्या इतिहासातल्या मोठ्या अभियांत्रिकी कामांपैकी एक वाटतो. त्याची चर्चा मात्र फारच कमी झाली.

एसीबरोबर फेज, म्हणजे एकमेकींच्या मागेपुढे चालणाऱ्या विजेच्या लाटा, आल्या. ग्रिडची वीज तीन फेजची, गाडीला लागते एकच. सगळा भार एकीवरच टाकला तर ग्रिडचा तोल बिघडेल, म्हणून मार्गाच्या एका टप्प्याला एक फेज देतात आणि पुढच्याला दुसरी. या दोन फेजमधल्या लाटा एकाच क्षणी उंची गाठत नाहीत. टपावरच्या पेंटाग्राफने, म्हणजे तारेतून वीज घेणाऱ्या सांगाड्याने, दोन्ही तारा एकदम जोडल्या तर थेट शॉर्टसर्किट होईल. ते टाळायला मध्ये हा कोरा तुकडा ठेवलेला असतो.

मोटर वीज ओढत असतानाच तार संपली, तर मोठी ठिणगी उडून तार जळू शकते. म्हणून रुळालगतचा फलक दिसला की मोटरमन आधीच ब्रेकर उघडतो, म्हणजे गाडीचा वीजपुरवठा तोडतो. गाडी आपल्याच वेगाने पुढे सरकते; ताशी 60 किलोमीटरला सेकंदाला जवळपास 17 मीटर. पलीकडचा फलक मागे पडला की ब्रेकर पुन्हा लागतो, आणि डोक्यावरचा पंखा परत गरगरू लागतो.