ओमाहा-पोंका भाषेतील रोजचे शब्द

ओमाहा-पोंका ही उत्तर अमेरिकेतील सू भाषाकुळाच्या धेगिहा शाखेतली भाषा. ओसेज, कॉ आणि क्वापॉ या तिच्या सख्ख्या बहिणी. ओमाहा लोक ईशान्य नेब्रास्कात मिसूरीकाठी राहतात. पोंकांना अमेरिकी सरकारने १८७७ मध्ये आजच्या ओक्लाहोमात हुसकावले. काही जण पुढे परतले. ही भाषा बालपणापासून बोलणारे आता मोजकेच वृद्ध उरले आहेत. (तिच्यातला 'ल' आणि 'द' यांच्यामधला एक ध्वनी देवनागरीत बसत नाही, येथे त्यासाठी 'ध' वापरला आहे.)

'नी' म्हणजे पाणी. सपाट पाणी ते 'नी ब्धास्का'. प्लॅट नदीच्या या नावावरून, किंवा शेजारच्या ओटो भाषेतल्या त्याच्या जुळ्या शब्दावरून, नेब्रास्का हे राज्याचे नाव आले. गढूळ मिसूरी ही 'नी शूदे', म्हणजे धुराचे पाणी.

नव्या वस्तूंना जुन्याच शब्दांनी सामावून घेतले. कॉफी 'मोंकों साबे', अर्थात काळे औषध. पैसा 'मोंझेस्का', पांढरा धातू. रुप्यावरून रुपया म्हणणाऱ्यांना हे उलगडून सांगायला नको. अंकांत 'नोंबा' दोन, 'धाब्धीं' तीन. तेच पुन्हा 'पेधोंबा' (सात) आणि 'पेधाब्धीं' (आठ) यांत डोकावतात.

शब्दार्थांची यादी मात्र एका ठिकाणी अडते. नामामागे येणारे निर्देशक शब्द वस्तू कशी आहे ते सांगतात: आडवी, लांब असेल तर 'खे', उभी असेल तर 'थे', गोल असेल तर 'धों', विखुरलेली असेल तर 'गे'. म्हणून नदी 'नी खे', तर घर 'ती थे'. 'खे' आणि 'थे' यांतले महाप्राण मराठी जिभेला सहज जमतात. वस्तूची ठेवण आधी पाहायची सवय लावून घेणे जास्त कठीण.

नात्यांचे शब्दही वेगळ्या चौकटीत बसतात. वडिलांचा भाऊ वडीलच, आईची बहीण आईच. मराठीतल्या 'माय मरो पण मावशी जगो' या म्हणीला तिथे वेगळा शब्दच मिळणार नाही. मामाचा मुलगाही मामा आणि मामाची मुलगी आई. मानववंशशास्त्रात अशा मांडणीला 'ओमाहा पद्धत' असेच नाव पडले आहे.

'विब्धाहों' याला शब्दकोशात 'धन्यवाद' म्हणतात, पण तो पूर्ण वाक्य आहे: मी तुझे आभार मानतो. 'मी तुला' हा भाग त्यातल्या 'वि'मध्येच आहे.

बोलणाऱ्याचे लिंगही शब्दांत दिसते. जेम्स ओवेन डॉर्सी या मिशनऱ्याने १८९० मध्ये छापलेल्या कथा-पत्रांच्या संग्रहात हे जागोजागी आढळते: आज्ञा करताना पुरुष वाक्याअखेर 'गा' लावतो, स्त्री 'आ'. विधानाच्या शेवटी पुरुषाचा 'हा', स्त्रीचा 'हे'. आजीकडून भाषा शिकणाऱ्या नातवाला ही शेवटची अक्षरे तेवढी आजोबांकडून घ्यावी लागतात.