डाव्या पायाचा हिशेब : गिअरच्या गाड्या मागे कशा पडत गेल्या

ऑक्टोबर २०२३ संपता संपता मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी कायमची उतरली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती, आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते. तेव्हा लोकांनी तिचा काळा-पिवळा रंग आठवला, बाहेर लावलेला मीटर आठवला. मला आठवला तिचा गिअर. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या बहुतेक पद्मिनींना तो स्टिअरिंगच्या दांड्यालाच असे. त्यामुळे पुढची सीट सलग बाकासारखी असायची आणि चालकाशेजारी दोघं बसू शकत. प्रवासी त्या सीटचं कौतुक करत. पण दादर ते फोर्टच्या गर्दीत गिअर बदलण्यासाठी चालकाचा डावा पाय दिवसातून किती वेळा क्लचवर जातो, याचा विचार मागे बसलेल्यांपैकी फार थोड्यांच्या मनात येत असेल.

आज भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी साधारण चौथा हिस्सा ऑटोमॅटिक, म्हणजे गिअर आपोआप बदलणारा आहे. पंधरा वर्षांपूर्वी हे प्रमाण नगण्य होतं. हा बदल समजून घ्यायचा तर आधीचा प्रश्न विचारायला हवा : हाताने टाकायचा गिअर इतकी वर्षं टिकलाच कसा? अमेरिकेत तर तो केव्हाच गेला होता.

सुरुवातीच्या मोटारींत गिअर बदलणं खरंच अवघड होतं. गिअरबॉक्समधल्या दोन चाकांचे दाते वेगवेगळ्या गतीने फिरत असताना ते एकमेकांत बसवायचे, म्हणजे क्लच दोनदा दाबून, मधे न्यूट्रलला थोडा ॲक्सिलरेटर देऊन गती जुळवायची. आपल्याकडचे जुने ट्रकचालक याला ‘डबल क्लच’ म्हणत. १९२८ साली अमेरिकेच्या कॅडिलॅक कंपनीने सिंक्रोमेश आणला. दाते भिडण्याआधी त्यांची गती आपोआप जुळवणारी ही रचना अर्ल थॉम्पसन या इंजिनिअरची. पुढे याच थॉम्पसनच्या हाताखाली जनरल मोटर्समध्ये हायड्रा-मॅटिक तयार झाला. १९३९मध्ये जाहीर होऊन १९४०च्या ओल्ड्समोबिलमध्ये आलेला हा मोठ्या संख्येने बनलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांतही बसला. युद्धानंतर मोठी इंजिनं, स्वस्त पेट्रोल आणि रुंद रस्ते असलेल्या त्या देशात क्लचचं पेडल झपाट्याने मागे पडलं. आज तिथे नव्या गाड्यांत मॅन्युअलचा, म्हणजे हाताने गिअर टाकायच्या गाड्यांचा वाटा दोन टक्क्यांच्या आत आहे.

युरोपात मात्र तसं झालं नाही. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि चाकं यांच्यामधला दुवा तेलाचा असे, आणि तेल फिरवण्यातच थोडी ताकद वाया जाई. आठ सिलिंडरच्या गाडीला ते जाणवत नसे. एक लिटरच्या गाडीचा तेवढ्याने दम निघे, शिवाय पेट्रोल जास्त लागे. जिथे इंजिन लहान आणि पेट्रोल महाग, तिथे गिअर राहिला.

भारत याच दुसऱ्या गटातला. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि ‘किती देते?’ हा प्रश्न गाडी घेताना पहिला झाला. नव्वदच्या दशकात मारुतीच्याच झेन आणि एस्टीमच्या ऑटोमॅटिक आवृत्त्या मिळत होत्या. किंमत जास्त, मायलेज कमी, आणि गिअरबॉक्स बिघडला तर गल्लीतल्या मेकॅनिकच्या आवाक्याबाहेरचा. त्या फारशा खपल्या नाहीत. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, पण त्याची चर्चा कमी होते. मोठी, महाग गाडी घेणारा बहुतेकदा मागे बसायचा आणि पुढे पगारी ड्रायव्हर असायचा. ऑटोमॅटिक परवडेल असा माणूस क्लच दाबत नव्हता, आणि जो दाबत होता त्याला गाडी निवडायची नव्हती. डाव्या पायाचा त्रास आणि पाकीट, दोन्ही एकाच माणसाकडे आली तेव्हाच हे चित्र हललं.

आणि ते आधी दोन चाकांवर हललं.

बजाज चेतक १९७२पासून घराघरात होती. गिअर डाव्या मुठीत : क्लच दाबायचा, मूठ फिरवायची, एक-न्यूट्रल-दोन-तीन-चार. सकाळी ती एका बाजूला कलंडवून मग किक मारणारे काका आठवत नाहीत असं मराठी घर विरळा. ही स्कूटर एका अर्थी पुरुषांचीच राहिली. साडी नेसून किक मारणं, जड गाडी सांभाळणं आणि गर्दीत मूठ फिरवत राहणं हे सगळं एकत्र कठीण होतं. त्याच १९७२मध्ये पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने लूना आणली. पन्नास सीसी, पायडल, गिअर नाही. मोटार वाहन कायद्यानुसार पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं लायसन्स सोळाव्या वर्षी मिळतं, त्यामुळे कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींच्या हाती ती सहज आली.

खरा टप्पा कायनेटिक होंडाचा. होंडाबरोबरची ही भागीदारी १९८४ची. ९८ सीसीची स्कूटर, बटण दाबलं की सुरू, आणि गिअर अजिबात नाही. तिच्या आत दोन पुल्या आणि एक पट्टा. वेग वाढला की पुढच्या पुलीतले रोलर बाहेरच्या बाजूला सरकतात, पुली आवळते, पट्टा वर चढतो. म्हणजे एक-दोन-तीन-चार अशा पायऱ्या न राहता सरळ उतरणच तयार होते. हीच कल्पना हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ साली आपल्या छोट्या मोटारीत वापरली होती. आपल्याकडे ती मोटारीत रुजायच्या कितीतरी आधी स्कूटरवरून आली, आणि पुण्यासारख्या शहरात बायका स्वतःच्या गाडीवर बँकेत, शाळेत, मंडईत जाऊ लागल्या. भारतातल्या ऑटोमॅटिकचा इतिहास लिहिताना ही गोष्ट तळटीपेत टाकू नये असं मला मनापासून वाटतं. गिअरची मूठ फिरवणं म्हणजेच गाडी चालवणं, ही समजूत पहिल्यांदा मोडली ती इथे.

नव्या शतकाच्या तोंडावर होंडाची ॲक्टिव्हा आली आणि उरलेला पेट्रोलचा प्रश्न सुटला. चार स्ट्रोकचं इंजिन असल्याने पेट्रोल आवाक्यात राहिलं. वडील, मुलगी, आजोबा, सगळे एकच गाडी चालवू लागले. चेतक त्या दशकातच बंद पडली, आणि २००९च्या अखेरीस बजाजने स्कूटर बनवणंच थांबवायचं जाहीर केलं.

मोटारींत तेवढ्याच ताकदीचा बदल २०१४च्या फेब्रुवारीत घडला. ऑटो एक्स्पोत मारुतीने सेलेरिओ आणली. तिच्यातलं तंत्र, एएमटी, मुळात ऑटोमॅटिक नाहीच. गिअरबॉक्स नेहमीचा, क्लचप्लेट नेहमीची. फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम चालकाऐवजी एक यंत्र करतं, ज्याला कधी काय करायचं ते संगणक सांगतो. तेलाचा दुवा नसल्याने मायलेज बुडत नाही : गाड्या तपासणाऱ्या एआरएआय या संस्थेच्या चाचणीत मॅन्युअल आणि एएमटी दोन्ही सेलेरिओंचा आकडा लिटरमागे २३.१ किलोमीटर होता. किंमतीत फरक चाळीस हजारांच्या आसपास. ‘किती देते’ या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदाच सारखं आलं. टाटांनी त्याच वर्षी डिझेल झेस्टला आणि पुढच्या वर्षी नॅनोलाही हीच सोय दिली.

एएमटीत खोट होती, ती मान्य करायला हवी. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना गाडी क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबे आणि आत बसलेल्यांची मान पुढे जाई. चढावर थांबलेली गाडी किंचित मागे घसरे. हात बसलेला चालक यापेक्षा गिअर कितीतरी मऊ टाकतो. तरी लोकांनी ती घेतली, कारण आता स्टिअरिंगवर मालक स्वतः होता. हिंजवडीहून घरी परतताना तासभर हाफ क्लचवर गाडी ढकलणाऱ्या माणसाला मानेचा हिसका चालतो. गुडघ्याची कळ चालत नाही.

मग मॅन्युअल आवडतं असं आजही ठामपणे सांगणारे कोण? माझ्या मते ते दोन वेगळे गट आहेत. एक हिशेबाचा : टॅक्सीवाले, मालवाहू टेम्पोवाले, रोज लांब जाणारे. त्यांना दुरुस्तीचा खर्च कळतो आणि तो जवळच्या गॅरेजात होतो हेही कळतं. यांची पसंती किंमत बदलली की बदलते. टाटांनी २०२४मध्ये सीएनजी टियागो आणि टिगोरलाही एएमटी दिली ती याच ओढीने.

दुसरा गट घाटात तयार होतो. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, हे ताम्हिणी किंवा वरंध घाटात घरच्या मोठ्यांकडून शिकलेला माणूस तो नियम विसरत नाही. उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाही. आजच्या ऑटोमॅटिक गाड्यांतही खालचा गिअर हाताने धरता येतो, हे खरं आहे. पण वळण यायच्या आधी तिसरा टाकून गाडी आपल्या तालात घेण्यात जी एकरूपता आहे, ती बटणात येत नाही, आणि ती मानणाऱ्यांना मी जुनाट म्हणणार नाही. हा गट लहान आहे, पण कंपन्या त्याचं ऐकतात. चाकणला बनणारी फोक्सवॅगन व्हर्टस २०२२मध्ये मोठ्या दीड लिटर इंजिनात फक्त ऑटोमॅटिक मिळत होती. २०२३मध्ये त्याच इंजिनाला मॅन्युअल जोडला गेला. ह्युंदाईनेही त्याच वर्षी आय-२० एन-लाइनला पूर्ण मॅन्युअल दिला, त्याआधी तिच्यात क्लच-पेडल नसलेला मधला प्रकार होता.

विजेच्या गाड्यांनी हा वाद वेगळ्याच ठिकाणी नेला आहे. विद्युत मोटर थांबलेल्या अवस्थेतच पूर्ण जोर देते, त्यामुळे बहुतेक विजेच्या गाड्यांत एकच ठरलेलं प्रमाण पुरतं, निवडायला गिअरच नसतात. २०२०च्या जानेवारीत टाटांच्या नेक्सॉनची विजेवरची आवृत्ती बाजारात आली. त्याच महिन्यात बजाजने विजेवर चालणारी नवी चेतक विकायला काढली. नाव जुनं, आणि २०२२पासून कारखान्याचं गावही जुनंच, आकुर्डी. डाव्या मुठीपाशी आता फक्त ब्रेक आहे.