उतार, ब्रेक आणि दुसऱ्या दिवशीचा ठणका

पणजीतील कांपालच्या मैदानावर संध्याकाळचा फुटबॉलचा सराव संपत आला की एक वाक्य हमखास कानावर पडते : ‘आणखी दोन फेऱ्या मारा, नाहीतर लॅक्टिक अ‍ॅसिड साठून उद्या पाय दुखतील.’ शेवटी सावकाश धावण्यात गैर काहीच नाही; परंतु त्यासाठी दिलेले कारण चुकीचे आहे, आणि त्या चुकीपायी खेळाडूला इजेपासून वाचवणारी एक साधी गोष्ट आपल्या नजरेतून निसटते.

जोराच्या व्यायामात ग्लुकोजपासून तयार होणारे लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक अ‍ॅसिडचेच शरीरातील रूप, हा टाकाऊ कचरा नाही, हृदयाचा स्नायू ते इंधन म्हणून वापरतो. व्यायाम थांबला की साधारण तासाभरात रक्तातील त्याचे प्रमाण पूर्वपदावर येते. ठणका मात्र दुसऱ्या दिवशी जाणवू लागतो आणि 24 ते 72 तासांच्या दरम्यान सर्वाधिक असतो. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना सपाटीवर आणि काहींना उतारावर धावायला लावले, तेव्हा लॅक्टेट वाढले सपाटीवरच्यांचे आणि पाय दुखले उतारावरच्यांचे. पणजीच्या मळा या भागातून पायऱ्या चढून आल्तिनोच्या टेकडीवर गेलेल्यांना हे पटेल. चढताना धाप लागते, उतरताना काहीच वाटत नाही; पण सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, त्या प्रामुख्याने उतरल्यामुळे.

असे का होते, हे समजून घेण्यासाठी स्नायूच्या आत डोकवावे लागेल. स्नायूचा प्रत्येक तंतू म्हणजे सार्कोमिअर नावाच्या इवल्या खणांची साखळी असते, आणि एकेक खण मिलिमीटरच्या सुमारे चारशेव्या भागाएवढा असतो. खणातील मायोसिनच्या जाड धाग्यांची टोके अ‍ॅक्टिनच्या बारीक धाग्यांना धरून आत ओढतात आणि स्नायू आखूड होतो. पायरी उतरताना मात्र गुडघा वाकत जातो, मांडीच्या पुढचा स्नायू लांब होत जातो, आणि तरीही शरीर एकदम कोसळू नये म्हणून तो सारा वेळ आवळलेलाच असतो. रस्सीखेचीत हरत चाललेल्या संघाने टाचा रोवून धरावे आणि तरीही पुढे सरकत जावे, तशी मायोसिनची अवस्था होते. पकड बरीचशी ताणानेच सुटत असल्यामुळे इंधन थोडे लागते. 1952 साली लंडनमध्ये दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडण्यात आल्या. एकाने पायडल मारायचे आणि दुसऱ्याने ते रोखून धरायचे, अशा त्या प्रयोगात रोखणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागला. पण हे काम थोडेच तंतू करत असल्याने प्रत्येकावरचा भार वाढतो. साखळीतील कमकुवत खण प्रमाणाबाहेर ताणले जातात, तंतूच्या आवरणाला सूक्ष्म चिरा पडतात, तेथून आत शिरलेले कॅल्शियम प्रथिने मोडणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) जागे करते, मग सूज येते आणि भोवतालची मज्जातंतूंची टोके हळवी होतात. या सर्व घडामोडींना वेळ लागतो, म्हणून दुखणे उशिरा येते. दुरुस्ती होताना साखळीत नवे खण जोडले जातात, भोवतालची संयोजी ऊतीही बळकट होते. त्यामुळे आठवड्याभराने तोच उतार पुन्हा उतरला तर त्रास खूपच कमी होतो, आणि हे संरक्षण कित्येक आठवडे टिकते.

वेगाने धावताना मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंग स्नायू असेच ब्रेकचे काम करतो. पाय जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी पुढे झेपावणारी नडगी तो आवरतो, आणि बहुधा त्याच क्षणी खेळाडू मांडी धरून खाली बसतो. ही अचानक उठलेली सणक म्हणजे दुसऱ्या दिवशीचा ठणका नव्हे. अशा वेळी खेळ तिथेच थांबवला पाहिजे.

दुखणे दडपण्यासाठी सामन्याआधीच वेदनाशामक गोळी घेण्याची पद्धत मला फार धोक्याची वाटते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या ज्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांना रोखतात, तीच शरीरातील पाणी कमी झाल्यावर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. आपल्या दमट हवेत घामाने निथळणाऱ्या खेळाडूला हा आधार गमावणे परवडणारे नाही. कमरेत उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खाण्याचा उपाय अजूनही सांगितला जातो. बहुतेक उसणी काही दिवसांत आपोआप ओसरतात आणि श्रेय त्या लाथेला मिळते. घोटा मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर दाबताच कळ येत असेल, तर चोळत न बसता एक्स-रे काढावा. अति व्यायामानंतर लघवी कोलासारखी काळपट झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण मोडलेल्या स्नायूंतील मायोग्लोबिन हे प्रथिन तेव्हा मूत्रपिंडात उतरत असते.

मैदानावर त्या दोन फेऱ्यांच्या जोडीला जे करून घ्यावे, त्याला नॉर्डिक व्यायाम म्हणतात. मुलाने गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदाराने त्याचे घोटे घट्ट धरायचे, आणि मग कंबर न वाकवता छाती जमिनीकडे जितकी सावकाश नेता येईल तितकी न्यायची. तोल सुटला की हात टेकायचे. यात हॅमस्ट्रिंग लांब होत असताना भार पेलतो, आणि हा व्यायाम नियमित करणाऱ्या संघांत त्या स्नायूच्या दुखापती सुमारे निम्म्याने घटल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. सुरुवात मात्र पहिल्या आठवड्यात एकाच दिवशी, पाच-पाचच्या दोन फेऱ्यांनी करावी, आणि तो दिवस सामन्याच्या आदल्या दिवसाचा नसावा.