हायड्रोजन जाळणारी गाडी आणि न जाळणारी गाडी

मार्च २०२२ मध्ये नितीन गडकरी टोयोटा मिराईतून संसदेत गेले आणि ‘हायड्रोजनची गाडी’ बातम्यांत झळकली. पण या एकाच नावाने दोन अगदी वेगळी यंत्रं ओळखली जातात.

एक म्हणजे आपलं नेहमीचंच इंजिन. पिस्टन, सिलिंडर, ठिणगी सगळं तेच, फक्त पेट्रोलच्या जागी हायड्रोजन. बीएमडब्ल्यूची २००६ ची बारा सिलिंडरची ‘हायड्रोजन ७’ या जातीची. इंधनात कार्बनच नाही, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडची कटकट जवळपास मिटते. पण हवेतला नायट्रोजन कुठे जाणार? त्या आचेत त्याचे ऑक्साइड होतातच. ‘बाहेर फक्त पाणी’ हे या गाडीबद्दल म्हणू नये.

ते म्हणावं फ्युएल सेलबद्दल. इथे काही जळतच नाही. पातळ पडद्याच्या एका अंगाला हायड्रोजन, दुसऱ्या अंगाला हवा. प्लॅटिनमवर हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटतात. प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉनना मात्र ती वाट बंद, म्हणून ते तारेतून वळसा घालतात. हीच वीज, आणि तिच्यावर मोटर फिरते. पलीकडे हे सगळे हवेतल्या ऑक्सिजनला भेटतात आणि त्याचं पाणी होतं. एका सेलमधून एक व्होल्टही मिळत नाही, म्हणून नव्या मिराईत ३३० सेल एकाला एक लावून रचलेत. मिराईत एक गमतीचं बटणही आहे: गॅरेजमध्ये शिरण्याआधी ते दाबून साचलेलं पाणी बाहेरच सोडून द्यायचं, उगाच फरशी ओली नको. सेलचे नखरेही आहेत. हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइड नावालाही चालत नाही, प्लॅटिनम मंदावतं. इंजिन एवढं सोवळं पाळत नाही.

आणि हो, सेलमध्ये हायड्रोजन साठवत नाहीत. टाकी वेगळी, आणि खरी डोकेदुखी तीच. एक किलो हायड्रोजन मोकळा सोडला तर साधारण १२ घनमीटर जागा व्यापतो. मिराईत तो ७०० बार दाबाने कोंबलेला असतो. आपल्या रिक्षातला सीएनजी असतो २०० बारच्या आसपास. बीएमडब्ल्यूने हायड्रोजन उणे २५३ अंशांवर द्रवरूप ठेवला. टाकी कितीही गुंडाळा, उष्णता झिरपते, हायड्रोजन उकळतो आणि सोडून द्यावा लागतो. गाडी लावून पंधरा दिवस गावाला गेलात, तर परत येईपर्यंत बराचसा उडालेला. त्यात आठ किलोत जेमतेम २०० किलोमीटर. मिराई साडेपाच किलोत ६०० च्या पुढे जाते. अर्थात बारा सिलिंडरचं धूड घेऊन तुलना करणं थोडं अन्यायाचंच.

कारपुरता माझा कौल सेलला. ट्रकचं मात्र इतकं सोपं नाही: इंजिन आपल्या मेकॅनिकच्या हातातलं आहे. टाटा मोटर्सने मार्च २०२५ मध्ये सुरू केलेल्या ट्रकच्या चाचण्यांतही दोन्ही जाती आहेत, आणि मार्गांत मुंबई-पुण्याचा परिसरही. तसा ट्रक शेजारून गेलाच तर कान द्या. धडधड ऐकू आली तर समजा, आत हायड्रोजन जळतोय.